पितळी बुचाची कुपी

आज सोमवारी सकाळी स्नान उरकून, लिंगपूजा आटोपून मी कोनाड्यातली कुपी नेमाप्रमाणे उघडली, आणि आतून वाळ्याचा वास आला.

प्रथम मला वाटले की माझ्या नाकासच काही विकार झाला असावा. मी बूच लावले, क्षणभर थांबलो, पुन्हा काढले. वाळाच होता, थंड, ओला, परक्याच्या घरात पाऊल टाकावे तसा. मग मी कुपी उजेडात धरली. तिची काच इतकी स्वच्छ झाली होती की पलीकडल्या खिडकीचे गज तिच्यातून मोजता यावेत. पितळी बूच नव्याने ओतल्यासारखे लखलखत होते आणि आत गळ्यापर्यंत हिरवट द्रव भरलेला होता. गेली सोळा वर्षे या कुपीच्या तळाशी नखाएवढ्या जाडीचा एक तपकिरी थर बसलेला होता. तो गोठलेला होता, तिरका होता, कुपी कलती ठेवून ठेवून एका अंगाला सरकलेला होता. त्या थराचा आकार माझ्या हाताला अंधारातही ठाऊक होता. तो आता नव्हता. माझ्या छातीत काहीतरी उकळून वर आले आणि त्याला काय म्हणावे हे मला तेव्हा कळले नाही. तो राग होता, हे माझाच आवाज ऐकल्यावर कळले.

"कुपीला कुणी हात लावला?"

शिवगंगा चुलीपुढे भाकरी थापत होती. माझ्या स्वरातले तिला काहीच उमगले नसावे, कारण ती हसत वळली. "मीच की. काय घाण बसलीती वो तळाला! काल दुपारभर रिठ्याच्या पाण्यात घालून ठेवलो, काडीनं टोकरून काढलो, बूच चिंचेनं घासलो. मग लालासाबकडं जाऊन अत्तर भरून आणलो. म्हटलं सोमवारी उघडतासाच, तवा कळंल. आवडलं न्हवं?"

मी त्यावर जे बोललो ते लिहिण्यायोग्य नाही. इतकेच सांगतो की मी तिचे माहेर काढले. तिचे माहेर हुपरीचे. बाप, दोघे भाऊ, सारे घर चांदीचे पैंजण घडवते आणि रिठ्याच्या पाण्यात उजळून चकचकीत करते. त्या घरात काळे पडलेले काहीही मुळी टिकत नाही. लग्न होऊन आली त्या पहिल्या आठवड्यातच हिने माझ्या घरचे तांब्ये असे घासले होते की त्यांत तोंड दिसावे, आणि मी छापखान्यात चार लोकांना ते कौतुकाने सांगितले होते. आज मी तिला म्हणालो, की तुम्हा हुपरीच्या लोकांना जगातले सगळे घासून काढल्यावाचून चैन पडत नाही, उद्या माणसाचे काळीजही काढून रिठ्यात घालाल. तव्यावरची भाकरी जळू लागली तरी तिने ती उलटली नाही. तिने डावा हात हळूच पदराखाली घेतला. मी मारीन असे तिला वाटले की काय, हा विचार मनात आला आणि त्या विचाराने मी अधिकच संतापलो. कारण मी आजवर कधी तिच्यावर हात उगारलेला नाही, आणि न केलेल्या अपराधाची शिक्षा तिच्या डोळ्यांत मला मिळत होती. मी उंबऱ्यातूनच मागे फिरलो, कुपी खिशात घातली आणि न जेवता बाहेर पडलो.

कोल्हापुरातल्या शनिवार पेठेतून छापखान्यापर्यंतचा रस्ता मी रोज चालतो, तथापि आज तो मला दिसला नाही. वाटेत फुलांच्या हाऱ्यातला शेवंतीचा वास आला, तालमीच्या दारातून तांबड्या मातीचा आणि घामाचा आला, हलवायाच्या कढईतून तुपाचा आला, आणि प्रत्येक वासावर मी मनातल्या मनात खेकसलो, की तुम्ही सगळे आहात आणि तेवढा एक नाही. अक्का गेली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, लग्नानंतर दीड वर्षातच विधवा होऊन परत आलेली. आई मी तीन वर्षांचा असतानाच वारली होती आणि वडील घाण्याभोवती बैलामागे फिरून फिरून मुके झाल्यासारखे झाले होते. आमचा तेलाचा घाणा होता. जे घाण्याच्या घरात जन्मले नाहीत त्यांना पेंडीचा वास म्हणजे काय ते कळणार नाही. तो कपड्यांत असतो, केसांत असतो, पाटीवर असतो, आणि ज्याच्या अंगाला तो असतो त्याला स्वतःला तो येत नाही. मला तो पहिल्यांदा आला तो आकाराम नावाच्या एका सोबत्याच्या नाकावरून. महाराज गादीवर बसले त्याच साली मला शाळेत घातले होते. शाळेत माझ्याशेजारी बसणाऱ्या या आकारामने एके दिवशी दोन बोटांनी नाक धरले, ते मास्तर येईपर्यंत सोडले नाही. "पेंड आली रं, म्हशी आणा!" असे तो ओरडला आणि अख्खा वर्ग हसला. मी घरी येऊन हौदावर अंग इतके चोळले की रक्त आले.

अक्काने काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला पुढ्यात उभे केले, पदराच्या गाठीतून ही पितळी बुचाची कुपी काढली, कापसाचा बारीक फाया बुडवला आणि माझ्या उजव्या कानाच्या पाळीच्या वरच्या दुमडीत खोचला. तिच्या बोटाचा गारवा कानाला लागला आणि पाठोपाठ तो वास आला. तो कसा होता हे सांगण्यासाठी मी आयुष्यभर शब्द शोधत आलो आहे. तो गोड होता, पण डोक्यात चढणारा नव्हता. जड होता, पण गुदमरवीत नसे. त्यात फूल होते, लाकूड होते, आणि सगळ्यांच्या खाली ऊबदार, घरच्यासारखे काहीतरी होते. माझे खांदे आपोआप वर उचलले गेले. "कसला गं अक्का?" मी विचारले. "हिना हाय," ती म्हणाली. "दरबारात लावत्यात त्यो. जा आता, राजागत वास येतोय तुझा. मान वर करून जा." मी मान वर करून गेलो. आकारामला मी सांगितले, की हा दरबारी हिना आहे, तुझ्या बापाने हुंगलासुद्धा नसेल. त्यानंतर पाचवीपर्यंत मी रोज सकाळी कान पुढे करीत असे. गणित येत नसे त्या दिवशी मी हळूच बोट कानाला लावून नाकाशी नेई, आणि काय होत असे कोण जाणे, मला आपण कोणीतरी आहोत असे वाटून गणित सुटत असे. विधवेने अत्तर लावू नये, म्हणून अक्काने स्वतःला ते कधी लावले नाही. तिच्या बोटाला मात्र ते असे. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला की असे.

मग प्लेग आला. गाव उठून माळावर गेले, बोरूच्या झोपड्या पडल्या, आणि तिसऱ्या दिवशी अक्काच्या काखेत गाठ आली. तिने मला झोपडीत येऊ दिले नाही. दारातूनच कुपी माझ्याकडे घरंगळत टाकली आणि म्हणाली, "तळाला हाय अजून. जपून वापर." तिची लुगडी, तिची वाकळ, सारे जाळले. गावात परत आलो तेव्हा घरभर औषध मारले होते. भिंती, जमीन, माठ, देवळी, साऱ्यांना एकच तिखट, कडू, डोळ्यांत पाणी आणणारा वास होता. अक्का जिथे बसत असे त्या कोपऱ्यात मी नाक भिंतीला लावून उभा राहिलो तर तिथेही औषधच आले. मला आठवते, मी त्या दिवशी रडलो नाही. मी भिंतीला लाथ मारली. माझा राग तेव्हापासूनचा आहे, असे मला आज पहिल्यांदा वाटले. शाळा सुटली, वर्षभराने वडीलही गेले, घाणा विकला, मी छापखान्यात खिळे जुळवायला लागलो आणि लोकांचे ग्रंथ उलट्या अक्षरांत वाचून वाचून जे काही शिकलो तेवढेच माझे शिक्षण. परंतु कुपी होती. मी नेम केला, की ती दर सोमवारी एकदाच उघडायची, एकच श्वास घ्यायचा, बूच लावायचे. बोट बुडवायचे नाही, फाया करायचा नाही. त्या एका श्वासावर माझा आठवडा चाले. नोकरीवर बोलणी खाल्ली असोत, अंगात ताप असो, गेल्या वर्षी आमचे मूल पोटातच गेले तो सोमवार असो. त्या एका श्वासाने माझी मान वर होत असे. माझी बायको हे दुरून पाहत असे. तिला मी कधी काही सांगितले नव्हते. का सांगावे? ते माझे होते.

छापखान्यात मी एका लग्नाची निमंत्रणपत्रिका जुळवायला घेतली. शाई, घासलेट आणि शिसे यांचा वास नाकात नेहमीप्रमाणे बसला. "इष्टमित्रांसह पानसुपारीस येऊन अत्तरगुलाबाचा स्वीकार करावा" या ओळीवर मी अर्धा तास होतो. आमचा मुख्य जुळारी केरबा पलीकडून मान वाकडी करून पाहत होता. तो वयाने मोठा आणि तोंडाने फटकळ आहे.

"सिद्राम, काय रं? नवरा-नवरीचं लगीन मोडायला बसलायस व्हय? वधूच्या बापाचं नाव वराच्या जागी घातलंस की."

मी म्हणालो, "मोडू दे."

"आं?"

"मोडू दे म्हटलं. लग्नं करून कुणाचं बरं झालंय?"

"घरातनं जेवून आला न्हाईस वाटतं," केरबा शांतपणे म्हणाला. "जा, मिसळ खा, न्हाय तर बायकूची माफी माग. दोन्हीतलं एक केल्याबिगर अक्षर सरळ बसायचं न्हाय." सगळे हसले. मी हातातले खिळे पेटीच्या घरांत टाकले, कुठल्या घरात कोणते ते न पाहता, आणि अर्ध्या दिवसाची रजाही न मागता उठलो. मागून केरबा ओरडला, की तुझ्या 'क'च्या घरात 'फ' घातलायस, तो काढायला तुझा आजा येणार काय. मी वळलो नाही. माझा राग आता बायकोवरून सरकून लालासाबवर जाऊन बसला होता, आणि जसजसा विचार करीत गेलो तसतसा तो मला अधिक न्याय्य वाटू लागला. शिवगंगा अजाण होती, परंतु लालासाब अजाण नव्हता. ही कुपी त्याच्याच दुकानातून अक्काला मिळालेली. आमच्या घाण्याचे तिळाचे तेल त्याच्या आईकडे, ताजबीकडे, सुगंधी तेले करण्यासाठी जात असे आणि ते पोचवायला अक्का जाई. त्याने कुपी ओळखायला नको होती काय?

बाबूजमाल दर्ग्याच्या बोळात त्याचे दुकान आहे. उंबऱ्यावर पाऊल टाकले की माणूस थबकतो. केवडा, मोगरा, गुलाब, ऊद हे सारे एकदम बोलू लागतात. एरवी मी तिथे मुद्दाम रेंगाळत असे. गुलाबाने मला महाराजांची पहिली मिरवणूक आठवे. मी अक्काचे बोट धरून उभा होतो आणि कुणीतरी हत्तीवरून शिंपडलेले गुलाबपाणी माझ्या डोळ्यांत गेले होते. आज मी नाकाने श्वासच घेतला नाही. कुपी त्याच्यापुढे आपटली.

"ओळखलीत?"

लालासाबची दाढी आता पुरती पांढरी झाली आहे. त्याने कुपी उचलून बुचावरची चीर अंगठ्याने चाचपली. "वळखली की. अम्मीनं दिलती तुझ्या अक्काला. काल तुझी बायकू घिऊन आली, तवाच वळखली."

"आणि तरी वाळा भरलात?"

"व्हय. मनापास्नं भरला. कनौजचा हाय, असा वाळा कोल्हापुरात दुसऱ्याकडं न्हाय." तो हसला. "बरं वाटलं बघ मला. इतक्या सालानं का हुईना, खरं अत्तर भरलं एकदाचं तिच्यात."

"खरं म्हणजे काय? आधी हिना होता. दरबारी हिना. मला तोच पाहिजे. आत्ता पाहिजे. वाळा ओता गटारात आणि हिना भरा."

लालासाब माझ्याकडे पाहत राहिला. गिऱ्हाईक कोणी नव्हते. दाढी कुरवाळत तो म्हणाला, "हिना कुठला, बाबा."

"अक्का म्हणाली होती."

"म्हणाली आसंल. हे बघ." त्याने फळीवरून एक काचेची बारीक सळई उचलली. या सळईने गिऱ्हाइकाच्या मनगटाला अत्तर लावून दाखवतात. एका बाटलीतून काढली की दुसरीत घालण्याआधी ती कापसाला पुसतात, नाहीतर वासात वास मिसळतो. लालासाबच्या मांडीशी त्या कापसाचा एक बोळा पडला होता; मळकट, पिवळा, तपकिरी. "दिवसभर पुसून पुसून सांजंला ह्यो बोळा फेकत्यात. तुझी अक्का सांजची तेल घिऊन यायची. अम्मीच्या सगळ्या बाटल्या पुसून फळीवर लावायची आन् जाताना म्हणायची, ह्यो बोळा मला द्या. अम्मी म्हणायची, अगं तुला चांगल्यातलं थेंबभर देते. तर न्हाय. फुकटचं नको, टाकायचं तेवढं द्या. मग तुमच्याच घाण्याचं चार थेंब तेल त्यावर टाकायची आन् कुपीत पिळायची. तिचा हिना म्हणजे ह्यो. सगळ्या दुकानाचा गाळ."

मी उभा होतो. माझे कान तापले. सोळा वर्षे, नव्हे, त्याआधीची पाच वर्षेही, मी ज्याला राजाचा वास समजत होतो तो कचऱ्यातला होता. आकारामपुढे मी जी मान वर केली ती एका बोळ्याच्या जोरावर. आणि तेल! ज्या तेलाच्या वासापासून मला तिने सोडवले असे मी समजत होतो, तेच तेल तिने रोज सकाळी माझ्या कानात खोचले होते. ते खाली असलेले ऊबदार, घरच्यासारखे काहीतरी म्हणजे आमचा घाणाच होता. अक्का माझ्याशी खोटे बोलली होती. मी तिच्यावर आयुष्यात प्रथमच रागावलो, आणि ज्याच्यावर रागावावे असे माणूसच समोर नसल्यामुळे तो राग मी लालासाबवर काढला.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू इचारलास कधी? तू यायचास, गुलाब हुंगायचास, जायचास." त्याने मांडीजवळचा बोळा माझ्यापुढे धरला. "घे. आजचा हाय. तेल आण घरचं."

मी तो नाकाशी नेला. वास आला, पण तो नव्हता. लग्नसराई असल्यामुळे मोगराच मोगरा होता, वर कुणीतरी ऊद मागितलेला. सोळा वर्षांपूर्वीच्या त्या एकेका सांजेला ज्या ज्या गिऱ्हाइकांनी आपले मनगट पुढे केले ती गिऱ्हाइके आता मेली असतील, म्हातारी झाली असतील. ती पुन्हा त्याच क्रमाने या बोळात कोण आणून उभी करणार? आणि घाणा तरी कुठे होता? मी बोळा त्याच्या फळीवर फेकला. "तुमचा गाळ तुमच्याकडेच ठेवा," असे काहीतरी बोललो. लालासाब म्हणाला, "बस, पावण्यागत उभा का? चहा सांगतो." मी बसलो नाही.

घरी आलो तेव्हा दिवेलागण होत होती. शिवगंगा परसात भांड्यांच्या ढिगाजवळ बसली होती. दुपारची, सकाळची, सगळी भांडी तशीच होती. जळकी भाकरी अजून तव्याला चिकटलेली. हुपरीच्या मुलीने भांडी खरकटी ठेवावीत हे मी या घरात प्रथमच पाहत होतो. मी आल्याचे पाहून ती घाईने उठली आणि डावा हात पुन्हा पदराखाली गेला.

"मी मारतो काय तुला?" मी ओरडलो. "हात का लपवतेस? कधी मारलंय मी?"

"न्हाय वो." तिचे डोळे सुजलेले होते. "तसं न्हाय. धुऊन टाकणारच हुतो आत्ता. सकाळीच धुणार हुतो, पण..."

"काय धुणार होतीस?"

तिने हात बाहेर काढला, आणि मनगट, हिरव्या काकणांच्या मागचे, वर करून दाखवले. तिथे कातडीवर एक तपकिरी, चिकट डाग होता. "काडीनं काढलो तळाचं, तवा टाकवंना. इतकं जपलासा, काय तरी आसंल म्हटलं. म्हणून हिथं पुसलो. तुम्ही सकाळी बोललासा, मला लई वाईट वाटलं. रडत बसलो हुतो. मग सहज हात नाकापाशी गेला. आन् काय झालं कुणास ठावं, बरं वाटलं. आमची आजी तिळाचं तेल लावून केस सोडून बसायची न्हवं, तिच्या मांडीवर डोकं ठेवल्यागत. दिसभर तेच करत बसलोय बघा, कामच झालं न्हाय. पण धुऊन टाकतो आता."

मला जे वाटले ते चांगले नव्हते. ती अक्काला ओळखत नव्हती. तिने माळावरची झोपडी पाहिली नव्हती. आणि त्या वासात तिला तिची आजी सापडली होती, दिवसभर ती एकटीच तो घेत बसली होती, माझा सोळा वर्षांचा नेम तिने एका दुपारी खर्चून टाकला होता, आणि त्याने तिला बरे वाटले होते! मी तिचे मनगट धरले. धरले ते रागानेच. नाक टेकवले. आधी राख आली, कांदा आला, चुलीचा धूर आला; आणि मग खालून, फार खालून, फूल, लाकूड आणि घाणा. माझ्या उजव्या कानाला गारवा लागला. मी किती वेळ तसा होतो ठाऊक नाही. काकणे माझ्या कपाळाला टोचत होती.

"सोडा," ती दबल्या आवाजात म्हणाली. "शेजारची धोंडुबाई बघतीया. भांडी घासायची हाईत मला."

"पाण्याला हात लावायचा नाही."

"आं? मग भांडी?"

"आज नाही, उद्या नाही. उरेल तोवर नाही." मी तिला ढकलल्यासारखे बाजूला केले, धोतर खोचले आणि ढिगाजवळ बसलो. कुंपणापलीकडून धोंडुबाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "अगं बया, शिवगंगे, काय शिकवलंस गं ह्यास्नी?" मी तिच्याकडे पाहिले नाही. मी राख घेतली, काथ्या घेतला आणि तांब्ये घासले, ताटे घासली, परात घासली. माझा राग उतरला नव्हता. तो कोणावर आहे हे मात्र मला आता नेमके सांगता आले नसते. अक्कावर, आकारामवर, लालासाबवर, माळावर, जाळलेल्या वाकळेवर. मी सगळ्यांना घासत होतो. बोटे सोलवटली. मागे दारात शिवगंगा मनगट छातीशी धरून उभी होती, जणू तिथे काही भाजले आहे.

शेवटी तिला राहवले नाही.

"अवो, पातेल्याचा तळ ऱ्हायला की," ती म्हणाली. "काळा दिसतोय बघा. तळ बी घासा."

मी पातेले पालथे धरले. तळ काळा होता खरा.

"तळ असू दे," मी म्हणालो, आणि ते तसेच भिंतीशी नेऊन ठेवले.